घरी बांधलेल्या छोट्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक पंप आणि बॅकहो जोडताना

जुनं इंजिन, कुठल्या तरी गाडीचा गिअरबॉक्स आणि लोखंडी चॅनेलची चेसिस जुळवून ज्याने स्वतः ट्रॅक्टर उभा केला, त्याच्या मनात काही दिवसांत पुढचा विचार येतोच: याला मागे खोदणारा हात लावता येईल का? आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो त्या यंत्राचा मागचा हात म्हणजे बॅकहो. ट्रॅक्टरला असा हात लावायची कल्पना १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रुजली, आणि जेसीबीने आपला पहिला बॅकहो १९५३ मध्ये आणला. ती सुरुवातीची यंत्रं आजच्या मानाने साधी होती, त्यामुळे घरच्या वर्कशॉपमध्ये हे काम होऊ शकतं यात शंका नाही.

पण सुरुवात बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून करतात. पहिला प्रश्न असतो, "पंप कोणता घेऊ?" माझ्या मते हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. हायड्रॉलिकमध्ये ताकद मिळवणं फार सोपं असतं. मुठीत मावेल एवढा पंप आणि मनगटाएवढा सिलिंडर मिळून टनांमध्ये जोर काढतात. तो जोर शेवटी जातो कुठे? ट्रॅक्टरच्या चेसिसमध्ये, तुम्ही घातलेल्या वेल्डिंगमध्ये आणि चाकांखालच्या जमिनीत. म्हणून आधी ट्रॅक्टर काय झेलू शकतो ते बघायचं आणि मग त्याला पेलेल एवढंच हायड्रॉलिक निवडायचं.

दाब आणि प्रवाह

सगळं हायड्रॉलिक दोन गोष्टींवर चालतं, दाब आणि प्रवाह. या दोन्हींची गल्लत झाली की पुढचे सगळे हिशोब चुकतात. बंद जागेतल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. त्यावरून इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तुमचा सिलिंडर त्याच तत्त्वावर चालतो: जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ.

आकडे घालून बघू. ५० मिमी बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर भरतं. दाब १५० बार धरला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १५३ किलो. गुणाकार केला की रॉड बाहेर ढकलताना जवळपास ३००० किलोचा जोर मिळतो. रॉड आत ओढताना मात्र पिस्टनची एक बाजू रॉडनेच अडवलेली असते. रॉड २५ मिमीचा असेल तर तेलाला ढकलायला १४.७ चौरस सेंटिमीटरच उरतात आणि जोर साधारण २२५० किलोवर येतो. बॅकहोच्या काही रचनांमध्ये बूम (हाताचा ट्रॅक्टरजवळचा मोठा भाग) उचलताना रॉड आत ओढला जातो, म्हणजे जड काम नेमकं कमी ताकदीच्या बाजूवर पडतं. सिलिंडर निवडताना तो कोणत्या दिशेने जड काम करणार आहे ते कागदावर काढून बघावं.

दाबाचं हे असं. प्रवाहाचं काम वेगळं. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. पुढे अडवणूक झाली की दाब आपोआप चढतो. एका फेऱ्यात ८ घन सेंटिमीटर तेल देणारा गिअर पंप (आतल्या दातेरी चाकांनी तेल ढकलणारा) मिनिटाला २५०० फेऱ्यांवर साधारण २० लिटर देतो. तेवढ्या तेलाने वरचा ५० मिमीचा सिलिंडर सेकंदाला १७ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे ४० सेंटिमीटरचा स्ट्रोक (रॉडची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची सरक) अडीच सेकंदांच्या आत संपतो.

यातून एक मोलाची गोष्ट हाती लागते: छोटा पंप घेतला तर वेग कमी होतो, ताकद तेवढीच राहते. इंजिन लहान असेल तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. लागणाऱ्या शक्तीचा हिशोबही सोपा आहे. बार गुणिले लिटर प्रति मिनिट, भागिले ६०० केलं की किलोवॅट मिळतात. १५० बार आणि २० लिटरला ५ किलोवॅट, त्यात पंपाची गळती आणि घर्षण मिळवलं की साधारण ८ हॉर्सपॉवर. इंजिन १० ते १२ हॉर्सपॉवरचं असेल तर ते निभावून नेईल. ८ चंच असेल तर कडक मातीत बकेट अडली की बंद पडेल. अशा वेळी ८ ऐवजी ५ घन सेंटिमीटरचा पंप लावा. हात सावकाश चालेल, पण तेवढंच खोदेल. नव्या माणसासाठी सावकाश हातच बरा, कारण लिव्हरवर हात बसेपर्यंत बकेट कुठे जाऊन आदळेल याचा नेम नसतो.

जोर कुणी झेलायचा

आता मूळ मुद्दा. बकेटच्या सिलिंडरचा ३००० किलोचा जोर बकेटच्या दातांवर जसाच्या तसा येत नाही. सिलिंडर बकेटच्या पिनपासून १५ सेंटिमीटरवर ढकलतो आणि दात त्याच पिनपासून ५० सेंटिमीटर लांब असतात. ही तरफ झाली. दातांवर उरतात साधारण ९०० किलो.

ते ९०० किलो जमिनीला जेवढे ओढतात, तेवढेच ट्रॅक्टरलाही ओढतात. समजा ट्रॅक्टर बॅकहोसकट ६०० किलोचा आहे. मातीवर टेकलेले पाय (खोदताना यंत्र स्थिर ठेवायला मागे दोन्ही बाजूंना खाली सोडायचे टेकू) आणि चाकं घर्षणाने फार तर ३५०-४०० किलो धरून ठेवतील. मग माती फुटण्याऐवजी ट्रॅक्टरच बकेटकडे सरकत जातो. हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही: दात मुरमात रुतून गप्प बसलेले असतात, आणि लिव्हर ओढली की सगळं यंत्र खुर्चीवरच्या माणसाला घेऊन खड्ड्याकडे सरकायला लागतं. अशा यंत्रावर दाब १५० चा २०० बार करून काहीच फायदा होत नाही. वाढीव जोर फक्त वेल्डिंग तोडण्याच्या कामी येतो.

उलटण्याचा हिशोबही इथेच करून घ्यावा. मागचे दोन पाय टेकले की तेच टेकू होतात. एका बाजूला ट्रॅक्टरचं वजन, दुसऱ्या बाजूला लांब केलेला हात आणि भरलेली बकेट. ३० लिटरची बकेट ओल्या मातीने भरली की नुसती माती ५५ किलोच्या आसपास होते आणि ती टेकूपासून दोन-अडीच मीटर लांब लटकते. शिवाय हाताचं स्वतःचं वजन असतंच. त्यातच एखादं मूळ उपटायला गेलात तर पुढची चाकं सहज उचलतात. म्हणून छोट्या ट्रॅक्टरला पुढे वजनाची गरज असते. बकेटही अरुंद घ्यावी. तेवढाच जोर कमी दातांवर एकवटतो, आणि माती कापणं सोपं जातं.

बॅकहो ट्रॅक्टरला कुठे पकडायचा, हा पुढचा प्रश्न. मागची थ्री पॉइंट लिंकेज (अवजारं तीन ठिकाणी अडकवायची जोडणी) समोर दिसत असते, त्यामुळे तीच वापरायचा मोह होतो. तो टाळावा. ती लिंकेज नांगर ओढायला बनलेली असते. बॅकहो तिला वर ढकलतो, पिळतो, बाजूला रेटतो. अशी जोडणी वर उचलली जाऊन चालकाच्या अंगावर येऊ शकते. गिअरबॉक्सचं कास्टिंग तडकण्याचा धोका वेगळाच. बॅकहोला स्वतंत्र सबफ्रेम हवी: मागच्या अॅक्सलखालून पुढे इंजिनपर्यंत, शक्यतो पुढच्या अॅक्सलच्या आधारापर्यंत जाणारे दोन भक्कम चॅनेल, दोन-तीन ठिकाणी चेसिसला बोल्टने आवळलेले. मग हाताचा पीळ पूर्ण लांबीभर वाटला जातो. घरी बांधलेल्या ट्रॅक्टरचा इथे मोठा फायदा आहे, कारण चेसिस तुमची आहे आणि आधार कुठे द्यायचा ते तुमच्या हातात आहे.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती लक्षात ठेवा. बूमच्या चौकोनी पेटीवर मजबुतीची पट्टी लावताना तिची टोकं सरळ आडवी कापून आडवी वेल्ड मारू नका. ताण येणाऱ्या बाजूवर ती आडवी रेघ म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण. पट्टीची टोकं पतंगाच्या टोकासारखी निमुळती कापा. मग ताण एका रेषेवर न अडकता हळूहळू पसरतो.

तेल कुठून कुठे जातं

टाकीतून सक्शन नळीने पंपात, पंपातून दाबाच्या नळीने लिव्हर असलेल्या व्हॉल्व्हमध्ये, व्हॉल्व्हमधून सिलिंडरला, आणि परत येताना फिल्टरमधून टाकीत. वाट एवढीच आहे. पण या वाटेवरचा प्रत्येक टप्पा काही ना काही मागतो.

गिअर पंप ज्या दिशेने फिरायला बनला आहे त्याच दिशेने फिरवायचा असतो. दोन तोंडांपैकी मोठं तोंड सहसा सक्शनचं असतं. इंजिनच्या शाफ्टला तो रबरी स्पायडर (दोन भागांच्या मधे बसणारा रबराचा तुकडा) असलेल्या कपलिंगने जोडणं सगळ्यात चांगलं, पण दोन्ही शाफ्ट एका रेषेत नीट हवेत. पट्ट्याने चालवायचा असेल तर पुली थेट पंपाच्या शाफ्टवर बसवू नका. पट्ट्याचा ताण शाफ्टला बाजूला ओढतो आणि साध्या गिअर पंपाचे बुश तो सहन करत नाहीत. पुलीला तिच्या स्वतंत्र बेअरिंगवर फिरवा आणि तिथून कपलिंगने पंपाला जोडा.

सक्शन नळीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि पंप सगळ्यात जास्त तिच्यामुळेच मरतात. ती आखूड, सरळ आणि जाड हवी. २० लिटरच्या प्रवाहाला आतून २०-२५ मिमी. मी पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा हाताशी असलेली साधी रबरी नळी लावली होती. सुरू केल्यावर पाच मिनिटं ठीक चाललं. मग तेल तापलं, नळी मऊ पडली आणि आत ओढली जाऊन चपटी झाली. पंपातून मूठभर खडी फिरावी तसा आवाज यायला लागला. तो आवाज कॅव्हिटेशनचा. तेल पुरेसं मिळत नाही, त्यात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि दाबाच्या बाजूला पोचल्यावर ते फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूचा कण उडवतो. सक्शनला आतून तारेची स्प्रिंग असलेलीच नळी वापरा आणि टाकी पंपाच्या वर ठेवा.

कधी तेल दुधाळ दिसायला लागतं. थोडं तेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवा. काही मिनिटांत ते खालून वर निवळत गेलं तर त्यात हवा आहे, म्हणजे सक्शनचा कुठला तरी जोड हवा ओढतो आहे किंवा परतीची नळी तेलाच्या वर पडते आहे. बराच वेळ तसंच ढगाळ राहिलं तर पाणी आहे आणि तेल बदलायला हवं.

टाकी साधारण ३५-४० लिटरची पुरते. मध्ये एक पडदी घाला, म्हणजे परत आलेलं गरम, फेसाळ तेल थेट सक्शनच्या तोंडाशी न जाता थोडं फिरून, निवून जाईल. झाकणाला श्वास घेणारा ब्रीदर हवा, कारण रॉड आतबाहेर होतात तसा तेलाचा स्तर वरखाली होतो. तेल मध्यम हवामानात आयएसओ व्हीजी ४६ (हा आकडा तेलाच्या दाटपणाचा), फार उष्ण जागी ६८. परतीच्या वाटेवर १० ते २५ मायक्रॉनचा फिल्टर ठेवा.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मोजणी आधी करा. बूम, मधला हात, बकेट, डावीकडे-उजवीकडे वळणं आणि दोन पाय, मिळून सहा हालचाली. म्हणून सहा स्पूलचा व्हॉल्व्ह (स्पूल म्हणजे लिव्हरने सरकणारा, तेलाची वाट बदलणारा आतला दांडा). तो ओपन सेंटर हवा. सगळ्या लिव्हर मधोमध असताना गिअर पंपाचं तेल मोकळेपणी टाकीत परत गेलं पाहिजे, कारण हा पंप फिरतोय तोवर तेल ढकलत राहणारच. स्पूल सिलिंडरसाठीचे घ्या. मोटरसाठीच्या स्पूलमध्ये लिव्हर सोडली की दोन्ही तोंडं टाकीकडे उघडतात, आणि उचललेला हात खाली येतो. पुढे कधी लोडरसाठी (ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूच्या माती उचलणाऱ्या बकेटसाठी) दुसरा व्हॉल्व्ह जोडायचा असेल तर पहिल्याच्या परतीच्या तोंडाला दुसरा जोडू नका. ते तोंड दाबासाठी बनलेलं नसतं. त्यासाठी पॉवर बियाँडची सोय, म्हणजे दाबाखालचं तेल पुढच्या व्हॉल्व्हला देणारं वेगळं तोंड, असलेला व्हॉल्व्ह लागतो.

दोन लिव्हर एकदम ओढल्यावर एकच सिलिंडर हलला तर घाबरू नका. तेल सोप्या वाटेने जातं, आणि कमी अडवणूक असलेला सिलिंडर आधी सरकतो. वळण्याच्या सिलिंडरला मात्र मुद्दाम बारीक छिद्राचा अडथळा बसवावा, नाहीतर हात वाऱ्यासारखा फिरतो आणि टोकाला जाऊन आपटतो. पायांच्या सिलिंडरवर पायलट चेक व्हॉल्व्ह (लिव्हर ओढल्याशिवाय सिलिंडरमधलं तेल परत सोडत नाही असा) बसवणं हा खर्च मी कधीच टाळणार नाही. तो थेट सिलिंडरवर असला की नळी फुटली तरी पाय खाली बसत नाही.

रिलीफ व्हॉल्व्ह

या सगळ्यात एक भाग असा आहे की तो नसेल तर पंप फिरवूच नये. सिलिंडर टोकाला पोचला, पंप मात्र ढकलतोच आहे. दाब चढत जाणार आणि जे सगळ्यात कमकुवत असेल ते फुटणार. रिलीफ व्हॉल्व्ह ठरवलेल्या दाबाला उघडतो आणि तेल टाकीकडे वळवतो. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये तो आतच असतो, तरी खात्री करून घ्या. पंप आणि रिलीफच्या मधे कुठलाही बंद होणारा कॉक बसवू नका.

आता तो किती बारला लावायचा? पंपावर २०० किंवा २५० बार छापलेलं असतं आणि तिथपर्यंत जायचा मोह होतो. ती पंपाची मर्यादा आहे. तुमच्या यंत्राची मर्यादा त्यातल्या सगळ्यात दुबळ्या भागावर ठरते: कुठली पिन, कुठला जोड, चेसिसचा कुठला कोपरा. शंका असेल तर १०० बारपासून सुरुवात करा आणि गेज लावूनच वाढवा, अंदाजाने नाही. ट्रॅक्टर सरकायला लागतो तो दाब ही तुमच्यासाठी वरची खूण. त्यापुढे नेण्यात काही हाशील नाही.

रिलीफ वारंवार उघडा ठेवून काम करणंही वाईट. लिव्हर ओढून धरली, बकेट अडली आणि पंप ओरडतो आहे, अशा वेळी इंजिनची सगळी ५ किलोवॅट शक्ती तेल तापवण्यात जाते. ३५ लिटर तेल त्याने मिनिटाला साधारण ५ अंशांनी तापतं. दहा मिनिटं असं केलंत तर तेल ८० अंशांच्या वर जाईल, आणि तिथे सील कडक व्हायला लागतात. बकेट अडली की लिव्हर सोडायची, कोन बदलायचा आणि पुन्हा घ्यायचं.

नळ्या आणि हात

नळीवर तिचा कामाचा दाब छापलेला असतो. रिलीफच्या वरचाच घ्यावा. नळी दाबाखाली थोडी आखूड होते, म्हणून ताणून बसवू नका, आणि पीळ पडलेली तर मुळीच नको. हात पूर्ण वळवून, पूर्ण दुमडून, पूर्ण लांब करून प्रत्येक नळी कुठे चेपते का ते इंजिन बंद ठेवून बघा.

आता जे सांगतो ते कृपया मनावर घ्या. नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की तेल धुक्यासारखं दिसतं, पण त्याचा झोत कातडी भेदून आत शिरतो. जखम डास चावल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं. आत मात्र तेल स्नायूंमध्ये पसरत असतं आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती हाताने कधीच चाचपू नका. पुठ्ठ्याचा लांब तुकडा फिरवून शोधा. अंगात तेल शिरल्याची नुसती शंका आली तरी लगेच दवाखान्यात जा आणि दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे तिथे स्पष्ट सांगा.

कुठलाही जोड सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि सगळ्या लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब मोकळा करा. उचललेल्या हाताखाली जाऊ नका. स्पूलमधून तेल थोडं थोडं झिरपतंच, हात हळूहळू खाली येतोच.

पहिल्यांदा सुरू करताना

नळ्या कापल्यावर आत रबराची आणि तारेची भुकटी राहते. प्रत्येक नळी आतून साफ करून हवेने फुंका, टाकीतले वेल्डिंगचे मणी काढून टाका. पंपात आधी हाताने तेल भरा, कोरडा पंप काही सेकंदांतच आतून ओरखडला जातो. रिलीफ सैल ठेवा. इंजिन सुरू न करता स्टार्टरने थोडं फिरवून तेल चढतंय का ते बघा, मग कमी फेऱ्यांवर चालू करा. पाय, बूम, हात, बकेट एकेक करून सावकाश शेवटपर्यंत न्या आणि परत आणा. सुरुवातीला हात धक्के खात चालेल, ती आतली हवा. सगळे सिलिंडर भरले की टाकीतलं तेल बरंच खाली गेलेलं दिसेल, तेवढं वर भरा. त्यानंतरच गेज बघत रिलीफ आवळायला घ्या.

पहिले आठ-दहा तास मऊ मातीतच खोदा. मग सबफ्रेमचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पिनांना ग्रीस द्या, फिल्टर बदला. शेवटी टॉर्च घेऊन खाली वाका आणि हात वळतो त्या खांबाच्या मुळाशी, पायांच्या जोडावर आणि चेसिसच्या कोपऱ्यांवर रंग नीट बघा. लोखंडातली भेग दिसण्याआधी तिथला रंग केसाएवढ्या रेषेत तडकतो आणि त्या रेषेतून तांबूस गंज डोकावतो. अशी रेषा दिसली तर तिथे खडूने खूण करा आणि खोदणं त्या दिवसापुरतं थांबवा.